शेजाऱ्याचे पार्सल: स्वीकार, सांभाळ व सुटका

नगरच्या सावेडीत दुपारी बारा ते चार या वेळात जो माणूस घरी सापडतो, तो आपोआप अख्ख्या गल्लीचा गोदामपाल होतो. त्यासाठी अर्ज नाही, मुलाखत नाही, पगार तर नाहीच. मी निवृत्त झालो त्याच्या तिसऱ्या दिवशी माझी नेमणूक झाली. बेल वाजली म्हणून दार उघडलं, तर पाठीवर स्वतःपेक्षा मोठी पिशवी घेतलेला एक पोरगा उभा. म्हणाला, "काका, समोर कुलूप हाय. ठेवून घ्या ना, संध्याकाळी नेतील ते."

या वाक्यातला 'संध्याकाळी' हा शब्द नवशिक्याने नीट समजून घ्यावा. ती संध्याकाळ कोणत्या वाराची आणि कोणत्या महिन्याची, हे त्यात सांगितलेलं नसतं. माझ्याकडे सर्वांत कमी राहिलेलं पार्सल चाळीस मिनिटं राहिलं (त्यात मोबाइल होता) आणि सर्वांत जास्त राहिलेलं अधिक महिना धरून साडेचार महिने. एवढ्या अनुभवाच्या बळावर हे मार्गदर्शन करायचं धाडस करतो आहे.

स्वीकार

खोकं हातात घेण्याआधी त्यावरचं नाव आणि पत्ता मोठ्याने वाचावा. एकाच घरी एकाच आठवड्यात आलेल्या दोन खोक्यांपैकी एकावर 'अहमदनगर' आणि दुसऱ्यावर 'अहिल्यानगर' असेल, तर गडबडून जाऊ नये. नाव २०२४ साली बदललं, कंपन्यांच्या संगणकातलं सवडीने बदलेल. आपण तोंडाने 'नगर'च म्हणतो, त्यामुळे आपलं काही अडत नाही. त्यापुढची ओळ मात्र जपून वाचावी. 'दत्त मंदिराजवळ, पाण्याच्या टाकीमागे' एवढ्या पत्त्यावर सावेडीतली निम्मी घरं हक्क सांगू शकतात.

पत्त्यांचे असले घोळ मिटावेत म्हणूनच १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी गृहस्थ, टपालखात्यातले मोठे अधिकारी आणि शिवाय संस्कृत कवी. एकाच नावाची अनेक गावं आणि नाना लिप्यांतले पत्ते यांतून पत्राला वाट सापडावी म्हणून त्यांनी देशाला सहा आकडे दिले. आपला जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा, तालुके चौदा. तो एका आकड्यात कुठला मावायला? नगरचा पिन ४१४ने सुरू होतो, श्रीरामपूरचा ४१३ने, संगमनेरचा ४२२ने, कोपरगावचा ४२३ने. हे सहा आकडे खोकं पार बंगळुरूहून सावेडीत बिनचूक आणून सोडतात. शेवटच्या पन्नास फुटांचं काय करायचं ते मात्र वेलणकरांनाही सुचलं नाही. तिथे काका लागतात.

ओटीपीचं पार्सल शक्यतो घेऊ नये. मालक सुप्याच्या एमआयडीसीत मशीनपाशी, त्यांचा फोन बाहेर कपाटात, पोरगा आपल्या दारात उन्हात. मग मालकांच्या पत्नीला फोन, त्यांचा मुलाला फोन, आणि मुलगा पुण्यात हॉस्टेलवर झोपलेला. चार आकड्यांसाठी दोन जिल्हे हलवावे लागतात. पैसे भरून सोडवायचं पार्सल तर मुळीच घेऊ नये. आपण पैसे भरले की ती ठेव राहत नाही, ते कर्ज होतं. वस्तू आवडली नाही म्हणून परत गेली, तर त्या कर्जाची देणगी होते.

तसं पाहिलं तर दुसऱ्याचं पार्सल सांभाळणं नगरला नवीन नाही. राज्य परिवहनची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी धावली ती पुण्याहून नगरलाच. माणसांमागोमाग पुढे यष्टीने डबेही फिरू लागले. पोरगं शिकायला तालुक्याला, आई पहाटे भाकरी बांधून डबा ड्रायव्हरच्या हवाली करायची. त्याला ओटीपी नव्हता, झाकणावर खिळ्याने ठोकलेलं नाव होतं. आणि डब्याचा मालक गाडीच्या आधी तासभर स्टँडवर येऊन उभा असायचा. आत बाजरीची भाकरी आहे हे ज्याला ठाऊक असतं, त्याला आठवण करून द्यावी लागत नाही.

सांभाळ

'लष्कराच्या भाकऱ्या' हा वाक्प्रचार नगरकराला वेगळा समजावून सांगायला नको. इथे लष्कर आहे, चिलखती दलाचं मोठं केंद्र आहे, आणि त्यांच्या भाकऱ्या त्यांचे तेच भाजतात. आपल्या वाट्याला शेजारच्या चौदा नंबरच्या घराच्या भाकऱ्या येतात.

शेजाऱ्याचं खोकं ठेवून घेतलं म्हणजे आपण उपकार केले, असा अनेकांचा समज असतो. कायद्याच्या दृष्टीने आपण अडकलेले असतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात कलम १४८ पासून पुढे या विषयाचा तपशिलात विचार केला आहे. सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी या वस्तूची घ्यावी, असं कलम १५१ सांगतं. आमच्या घरात स्वतःच्या वस्तूंचे जे हाल होतात ते पाहता मला ही मोठीच सवलत वाटते. फुकट सांभाळणाऱ्यालाही त्यापायी झालेला आवश्यक खर्च मागता येतो, अशी सोय कलम १५८ मध्ये आहे. पण उंदराच्या गोळ्यांचे वीस रुपये वसूल करायला शेजारची बेल वाजवणारा माणूस नगरमध्ये अजून जन्मायचा आहे.

सर्वांत गोड कलम १६३. एकाने दुसऱ्याकडे गाय सांभाळायला ठेवली आणि ती तिथे व्याली, तर गाईबरोबर वासरूही परत द्यायचं, असं उदाहरणच त्यात दिलं आहे. सावेडीत याचा काय उपयोग, असं मला वाटायचं. मग एका घरी मागवलेलं गुलाबाचं रोप आमच्याकडे मुक्कामाला आलं. नऊ दिवस खोक्याच्या भोकांतून पाणी घातलं, दहाव्या दिवशी कळी बाहेर डोकावली. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "ही आपल्या देवाला." मी त्यांना कलम वाचून दाखवलं. कळी रोपावर राहिली आणि घरात दोन दिवस अबोला राहिला. याच कायद्यात दुसऱ्याचं ४५ रुपये पिंपाचं परदेशी पीठ आपल्या २५ रुपयांच्या देशी पिठात मिसळणाऱ्याने भरपाई द्यावी, असंही एक उदाहरण आहे. म्हणून सुकामेव्याचं पार्सल स्वयंपाकघरात ठेवू नये.

आपले जुने शास्त्रकार मात्र या बाबतीत इंग्रजांच्या पुढे होते. मोजून-दाखवून दिलेली ठेव तो निक्षेप आणि बंद करून, आत काय आहे ते न सांगता सोपवलेली ठेव तो उपनिधी, असा फरक धर्मशास्त्रात केलेला आहे; उपनिधीचं हे वर्णन याज्ञवल्क्यस्मृतीत सापडतं. म्हणजे दिवाणाखाली पडलं आहे ते खोकं नव्हे, शास्त्रशुद्ध उपनिधी आहे. राजाने, दैवाने किंवा चोराने नेलं तर सांभाळणाऱ्याने भरून द्यायला नको, अशी सूट याज्ञवल्क्य देतात. उंदरांना त्या यादीत जागा नाही. पंचतंत्रातल्या एका गृहस्थाने मित्राने ठेवलेला लोखंडी तराजू उंदरांनी खाल्ल्याचं सांगून पाहिलं होतं. त्याला मग आपला मुलगा ससाण्याने उचलून नेल्याचं ऐकून घ्यावं लागलं.

खोकं उघडून पाहायचा मोह झालाच, तर शनिशिंगणापूर आठवावं. नगरहून जेमतेम पस्तीसेक किलोमीटर. तिथल्या घरांना परंपरेने दारं नाहीत, कुलपं नाहीत; २०११ साली एका बँकेने तिथे शाखा उघडली तीही बिनकुलपाची. शनिदेव बघून घेतो, एवढा बंदोबस्त पुरतो. मला कुतूहल एवढंच आहे की तिथला कुरियरवाला 'घर बंद होतं' असा शेरा कोणत्या तोंडाने मारत असेल. ते असो. टपालखात्यात बेवारस टपालासाठी 'डेड लेटर ऑफिस' होतं, पुढे त्याचंही नाव बदलून 'रिटर्न्ड लेटर ऑफिस' झालं. मालक सापडेना तेव्हा टपाल उघडायचा अधिकार त्या कचेरीला असतो. काकांना नसतो. आत काय आहे ते उघडून पाहू नये, हलवून पाहू नये, आणि मुख्य म्हणजे विचारू नये.

हा 'विचारू नये' मला फार उशिरा कळला. पहिलं वर्षभर मी समजत होतो की लोक पार्सल विसरतात. कुणी विसरत नाही. पार्सल विसरलेलं नसतं, लपवलेलं असतं.

चौदा नंबरच्या वहिनींचं एक खोकं आठवडाभर पडून राहिलं, तेव्हा मी न राहवून फाटकापाशी विषय काढला. त्यांनी आधी मागे वळून घराकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "काका, राहू द्या ना थोडे दिवस. सासूबाई पंढरपूरला जायच्यात, त्या गेल्या की नेते." दोन दिवसांनी सासूबाई स्वतः आल्या, पदराने घाम टिपत बसल्या. नातवाकडून त्यांनी गुडघ्यांना शेक द्यायचं काहीतरी मशीन मागवलं होतं, आमच्या पत्त्यावर. "सुनेला बोलू नका बरं का. म्हणंल, एवढे डॉक्टर केले आन् आता हे कशाला." त्याच आठवड्यात त्या घरचे भाऊ संध्याकाळच्या फेरीला निघाल्यासारखे आले आणि एक लांबोडकं पार्सल येईल तेवढं ठेवा, म्हणाले. ते कशाचं, हे मी शास्त्राप्रमाणे विचारलं नाही. एकाच घरची तीन खोकी आमच्या दिवाणाखाली एकमेकांना टेकून एवढ्या गुण्यागोविंदाने राहिली, की मला त्या कुटुंबाबद्दल नव्याने आदर वाटू लागला.

त्यामुळे जागेचा विचार नीट करावा. बैठकीच्या खोलीत खोकं दिसेल असं ठेवू नये, कारण पेपर वाचायला कोण येऊन बसेल सांगता येत नाही. एकदा घाईघाईत एका मोठ्या खोक्यावर आम्ही टेबलक्लॉथ टाकून फुलदाणी ठेवली. आलेल्या पाहुण्याने "टीपॉय छान आहे" म्हणून कौतुक केलं, आणि तो पाहुणा खोक्याच्या मालकिणीचा नवरा होता.

सुटका

सर्वांत अवघड भाग हाच. आपलंच घर अडलेलं असतं आणि संकोचही आपल्यालाच करावा लागतो. "तुमचं पार्सल घेऊन जा" असं सरळ म्हणू नये. त्याचा अर्थ 'यांच्या घराला जागा पुरत नाही' असा काढला जातो. स्वतः नेऊन देऊ नये. तसं केलं की चहा होतो, पोहे होतात, तास जातो आणि पुढच्या वेळेपासून आपण घरपोच सेवा देतो असं गृहीत धरलं जातं. शिवाय दार कोण उघडेल याचा नेम नसतो, हे वरच्या प्रकरणावरून लक्षात आलंच असेल. गल्लीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर तर चुकूनही टाकू नये. मी एकदाच टाकलं: "क्रमांक नऊ यांचे पार्सल आमचेकडे आहे." त्यावर सत्तावीस हात जोडलेले आले, तीन 'कशाचं आहे?' आले आणि नऊ नंबरवाले महिनाभर माझ्याशी तुटक वागले.

बऱ्याच प्रयोगांनंतर एकच वाक्य लागू पडतं असं दिसून आलं. संध्याकाळी फाटकाशी उभं राहून, कुणाकडेही न बघता, झाडांना पाणी घालता घालता म्हणावं: "रविवारी रद्दीवाला बोलावलाय. घरात पुठ्ठा फार झाला." शनिवारी रात्रीपर्यंत दिवाण मोकळा होतो.

परवा चौदा नंबरच्या सासूबाई खरोखरच पंढरपूरला गेल्या. त्यांची गाडी कोपऱ्यावरून वळते न वळते तोच वहिनी हजर. एकोणीस दिवस सांभाळलेलं खोकं मी फडक्याने पुसून, नाव वाचून दाखवून त्यांच्या हातात दिलं. आत काय आहे ते विचारलं नाही.

"फार त्रास दिला हो काका तुम्हाला," वहिनी म्हणाल्या. "आता काकूंची ती आमच्याकडची दोन खोकीसुद्धा..."

आणि थांबल्या. स्वयंपाकघरात चालू असलेला खलबत्त्याचा आवाज त्याच क्षणी बंद झाला. वहिनींना गॅसवर दूध ठेवल्याचं आठवलं आणि त्या खोकं काखोटीला मारून निघून गेल्या.

मी पेपर उघडला, आतलं पान काढलं. बऱ्याच वेळाने सौभाग्यवती बाहेर आल्या, माझ्यासमोर चहा ठेवला आणि उगाचच पडदा सारखा करू लागल्या. मी कपात बघत सहज म्हणालो, रविवारी रद्दीवाला चौदा नंबरकडेही जाणार आहे.