न्याय्य कॉफी, दोन चमचे साखर

आमच्या साडूंकडे कॉफी प्यायची तर आधी इतिहास प्यावा लागतो. त्यांचा मुलगा नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला असतो. तो येताना 'फेअर ट्रेड'चा शिक्का असलेली कॉफी आणतो आणि साडू ती पाहुण्यांना तीर्थासारखी देतात: थोडी, आणि माहात्म्यासकट. (चिकमगळूरची कॉफी जहाजानं युरोपात जाते आणि मेक्सिकोची युरोपातून विमानानं कोथरूडला येते. या प्रदक्षिणेबद्दल विचारायचं नसतं.)

माहात्म्य असं. जावातल्या रयतेची पिळवणूक पाहिलेल्या एका माजी डच अधिकाऱ्यानं मल्टाटुली या टोपणनावानं १८६० मध्ये 'मॅक्स हावेलार' ही कादंबरी लिहिली. तिच्या नायकाचं नाव १९८८ मध्ये मेक्सिकोच्या डोंगरातून आलेल्या कॉफीच्या पाकिटावर चढलं, तो फेअर ट्रेडचा पहिला शिक्का. कादंबरीच्या नायकाच्या भरवशावर किराणा खपतो, हे मराठी लेखकांना कुणीतरी कळवायला हवं.

"म्हणजे हमीभावच की," मी म्हणालो.

साडू दुखावले. "अहो, पौंडाला किमान १.८० डॉलर! बाजार वर गेला तर बाजारभाव. शिवाय २० सेंट प्रीमियम. तो कसा खर्चायचा हे शेतकऱ्यांची सहकारी संस्था ठरवते."

'सहकारी संस्था' हे शब्द सांगली जिल्ह्यातला माणूस इतक्या निरागसपणे उच्चारताना मी प्रथमच ऐकला.

"मुख्य म्हणजे मधला दलाल गेला. तिकडे त्याला कोयोते म्हणतात."

"कोयते आले?" ताई स्वयंपाकघरातून ओरडल्या. "कधी? भावोजींचा फोन होता का?"

साडूंचा गावी ऊस आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. असे कोयते दिवाळीच्या सुमारास बीडकडून निघतात आणि मुकादमाकडून घेतलेली उचल टनाटनानं फेडत राहतात. उसाची एफआरपी किती, हे साडूंना झोपेतही सांगता येतं. टनामागे कोयत्याच्या हाती काय पडतं, असं मी विचारलं तर म्हणाले, "तो व्यवहार मुकादमाचा."

मुकादमाला मेक्सिकोत काय म्हणत असतील, हे मी विचारलं नाही. मला साखर मागायची होती.

साखरेला चारित्र्याचा दाखला लावायची हौस तशी जुनी आहे. १८२० च्या दशकात ब्रिटनमधल्या सज्जन घरांत साखरेच्या भांड्यावर लिहिलेलं असे, की ही ईस्ट इंडियाची साखर, गुलामांनी न केलेली. सोनेरी अक्षरांतलं असं एक निळ्या काचेचं भांडं ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. एका दुकानदारानं तर हिशेबही मांडला होता: सहा कुटुंबांनी वेस्ट इंडीजची सोडून ही साखर घेतली की एक गुलाम कमी लागतो. इकडच्या रयतेला काय मिळालं, ते लिहायला भांड्यावर जागा उरली नसावी. ताईंच्या स्टीलच्या डब्यावर नुसतंच 'साखर' लिहिलं होतं. आत सभासदांना सवलतीत मिळणारी कारखान्याची साखर.

तेवढ्यात खरंच भावोजींचा फोन आला. टोळी फडात उतरली होती आणि तोडीआधी एकरी खुशाली मागत होती. साडू गॅलरीत गेले. आवाज मात्र आतच राहिला.

"कसली खुशाली? मजुरी मिळते ना त्यांना? अरे, ही लूट आहे लूट! निम्म्यावर आण."

"प्रीमियम," मी ताईंना म्हणालो.

"हळू बोला," त्या म्हणाल्या. "सगळ्या सोसायटीला कॉफी पाजलीय त्यांनी."

साडू आले ते गड जिंकून. "तुटलं निम्म्यावर!" पातेल्यात उरलेली कॉफी त्यांनी स्वतः माझ्या कपात ओतली. "घ्या अजून. ह्यात पिकवणाऱ्याचा पै न् पै वाटा दिलेला आहे."

मी डबा पुढे ओढला.