नरनाळाभाऊंचा समुद्र

त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर आहे, तेवढंच. उरलेलं तेल्हारा त्यांना नरनाळाभाऊ म्हणतं. पुण्याच्या जावयानं सिंहगडाचा विषय काढायचा अवकाश, भाऊ सुपारी गालात सरकवून विचारणार, "आपला नरनाळा पाह्यला का?" नसेल पाहिला तर जावयाचा चहा थंड होतो. पाहिला असेल तर दुसरा कप येतो, कारण मग तोंडी परीक्षा सुरू होते. महाकाली दरवाजावरचे कोरीव लेख पाहिले? शक्कर तलाव पाहिला? नऊगजी तोफ किती पावलं भरली? शेवटी अकबराला साक्षीला बोलावतात. आइने-अकबरीत वऱ्हाड सुभ्यातलं एक सरकार नरनाळ्याचं आहे, आणि ते भाऊ असं सांगतात, जणू तिथली तलाठ्याची जागा अजून घरातच आहे.

पराभवसुद्धा ते वाया जाऊ देत नाहीत. २९ नोव्हेंबर १८०३ ला आमच्याच तालुक्यातल्या आडगावाशी आर्थर वेलस्लीनं भोसले-शिंद्यांच्या फौजेला धूळ चारली. पुढं हाच माणूस वेलिंग्टनचा ड्यूक झाला आणि १८१५ ला वॉटर्लूत नेपोलियनला भारी पडला. भाऊंचा निष्कर्ष असा, "नेपोलियनले हरवाच्या पहिले त्यानं आडगावात हात साफ केला. हरलो तं हरलो, पन कोनापुढं हरलो, हे पाहा नं!"

तर असा माणूस यंदा आमच्यासोबत कोकणात आला. कपाशीचा पहिला वेचा विकून आम्ही सात जणांनी गाडी केली होती. मुरूडला उतरलो. साठी उलटलेल्या भाऊंनी जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला. पायजमा गुडघ्यापर्यंत वर धरून ते लाटेपासून चार हात लांब उभे राहिले, बराच वेळ. मला वाटलं, आता नरनाळा सुटला.

"मोठा हाये," ते म्हणाले. "पन समुद्रसपाटीवरच हाये. नरनाळा याच्याहून तीनेक हजार फूट वर. उंची मोजाले लागते, तेवढा याचा उपयोग."

दुसऱ्या दिवशी राजपुरीहून शिडाच्या होडीत बसलो. होडीवाला जंजिऱ्याची थोरवी सांगत होता. सिद्दींचा किल्ला कधी कुणाला घेता आला नाही, १६८२ ला संभाजीराजांनी वेढा घातला, समुद्रात भर टाकून वाट बांधायला काढली, तरी हाती लागला नाही. भाऊ काठाला घट्ट धरून डोळे मिटून बसले होते. होडी डुलली की "हनुमान, हनुमान" आणि थांबली की "आमचा वारीचा हनुमान, भाऊ. तथी धरनालेच हनुमान सागर म्हन्तेत." होडीवाल्यानं मान डोलावली. त्याला धरण कळलं, वारी कळली नसावी.

किल्ल्यात कलालबांगडी तोफेपाशी तर दोन्ही पक्ष हातघाईवर आले. भाऊ तोफेच्या तोंडापासून बुडापर्यंत पावलं टाकत गेले, बोटांवर काहीतरी मोजलं, आणि निकाल खिशात घालून पुढं निघाले. विचारलं तर म्हणाले, "घरी गेल्यावर सांगतो."

पण तळ्यापाशी मात्र थबकले. बुरुजांपलीकडे चहूकडून समुद्र, आणि आत दगडी बांधणीचं गोड्या पाण्याचं तळं. खारपाणपट्ट्यातल्या माणसाला तोफ दाखवून काय होणार? आमच्याकडे पूर्णेच्या दोन्ही अंगांना अशी गावं आहेत, की तिथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि त्याच पाण्यावर हरभरा माना टाकतो. समुद्र तिथून शेकडो कोस. भाऊ काठावर उकिडवे बसले.

"चहूकडून खारं, अन् मधात गोडं," ते हळूच म्हणाले. "आपलं उलटंच हाये राजेहो. चहूकडून कोरडं, अन् खाली खारं."

परतीच्या वाटेत नरनाळ्याचं नाव निघालं नाही. घाट चढताना एकदा फक्त विचारलं, "बाटलीचं झाकन घट्ट हाये नं?" मुरूडच्या किनाऱ्यावर एक लिटरची बाटली त्यांनी स्वतः वाकून भरून घेतली होती. पायजमा भिजला त्याचीही फिकीर केली नाही. सागराचं तीर्थ म्हणून ती देवघरात ठेवायची होती.

तेल्हाऱ्यात गाडी थांबली. भाऊंनी बाटली वहिनींच्या हातात दिली. त्यांनी झाकण उघडलं, बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"काहून जी, आपल्याच बोरचं पानी घेऊन एवढ्या दूर कायले गेलते?"