ऐकाचकाका

वसुबारसेच्या आदल्या रात्री ग्रुपवर एक पीडीएफ येऊन पडते. वर आकाशकंदील, कोपऱ्यात दोन पणत्या, मधोमध ‘दीपावली श्रवण-पत्रिका’ आणि खाली भाऊबीजेपर्यंतचा बेत: कुठल्या दिवशी, किती वाजता, कुणाचं काय ऐकायचं. तळाशी सूचना असते. ‘कृपया हेडफोन लावून ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकणार असाल तर ऐकू नका.’ ग्रुपमधले बहुतेक जण या सूचनेतले शेवटचे दोन शब्द तंतोतंत पाळतात.

पाठवणाऱ्या गृहस्थांना सगळे ऐकाचकाका म्हणतात, कारण त्यांचा प्रत्येक निरोप ‘ऐकाच!’ असा दरडावून सुरू होतो. असे काका हल्ली ग्रुपागणिक एक असतात. आमच्या वाट्याला आलेला नमुना डोंबिवलीचा, बँकेतून निवृत्त. ग्रुप 2020च्या टाळेबंदीत जमला. एक नागपूरचा, एक मस्कतचा, एक न्यू जर्सीचा, बेंगळुरूची एक मुलगी, आणखी बरेच. कुणी कुणाला प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, पण कुणाला कोमल रिषभ सोसत नाही हे सगळ्यांना माहीत आहे.

काकांचं म्हणणं असं, की 1909 साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठी माणसाच्या फराळाला वाचनाची जोड दिली. त्याच्या कानांची सोय मात्र कुणी पाहिली नाही. रेडिओने थोडीफार पाहिली, दिवाळी पहाटवाल्यांनी पाहिली, पण तिथे सेल्फी काढतात. तेव्हा ही जबाबदारी काकांनी अंगावर घेतली. घ्या असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं.

त्यांची दीक्षा कॅसेटच्या काळातली. नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट आणायची, एका बाजूच्या 45 मिनिटांत बसेल असा ख्याल शोधायचा आणि उरलेल्या सहा मिनिटांत काय भरावं याचा दोन रात्री विचार करायचा. एखाद्या गवयाने रंगात येऊन 47 मिनिटं घेतली, तर ऐन द्रुतात टेप खाट्कन थांबायची. काकांच्या पिढीचे कितीतरी राग असे कायमचे अर्धवट राहिलेत. भेट द्यायच्या कॅसेटच्या पाठीवरचे प्लास्टिकचे दोन कान ते स्क्रूड्रायव्हरने मोडून टाकायचे, म्हणजे तिच्यावर दुसरं काही भरता येऊ नये. तरी एका मित्राने त्या भोकांवर सेलोटेप चिकटवून मुलतानीवर स्वतःच्या मुलाच्या बारशाचा पाळणा भरला. ते बाळ आता चाळिशीला आलंय, त्याचं सगळं उत्तम चाललंय. काकांनी त्याला अजून माफ केलेलं नाही.

आता फोन आला, तरी पद्धत तीच. आधी लिंक पाठवतात. मग ‘लिंक उद्या गायब होते’ म्हणून फाइल. मग फाइल उघडत नाही अशी कुणाची तक्रार यायच्या आत, जुन्या रेकॉर्ड प्लेअरपुढे फोन धरून केलेला व्हॉइस मेसेज. त्यात सुईची खरखर असते, कुकरची शिटी असते आणि शेवटी काकांच्या आवाजात त्यांचं पूर्ण नाव असतं. हे नाव सांगणं म्हणजे गौहरजानची परंपरा. 1902 साली कलकत्त्याला तिचं गाणं मुद्रित झालं, तेव्हा तबकड्या छापायच्या होत्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना कळावं कोण गातंय, म्हणून गाणं संपता संपता बाई इंग्रजीत स्वतःचं नाव पुकारत. काकांच्या व्हॉइस मेसेजवर त्यांचं नाव आणि फोटो आपोआपच असतो, हे त्यांना दोनदा समजावून झालं आहे. ‘परंपरा आहे,’ ते म्हणतात.

या व्हॉइस मेसेजपायी एकदा मोठा घोटाळा झाला. 2021पासून व्हॉट्सअ‍ॅपने असे मेसेज दुप्पट वेगाने ऐकायची सोय दिलीय. नागपूरकरांची ती कायमची सवय. एका धनत्रयोदशीला त्यांनी लिहिलं, ‘काका, तान काय घेतलीय! वीज!’ काका दिवसभर खुशीत. संध्याकाळी त्यांना कारण कळलं. रात्री ग्रुपवर एकच ओळ आली: ‘तो आलाप होता.’

ललत, भटियार, अहिरभैरव यांना वेळेचं बंधन असतं आणि ग्रुप तीन खंडांत पसरलेला, त्यामुळे काकांना दिवाळीत पंचांगकर्त्याचंही काम करावं लागतं. नरकचतुर्दशी हा त्यांचा मुख्य दिवस. त्या सकाळी डोंबिवलीची तरुणाई नटूनथटून फडके रोडवर लोटते. काका मात्र पहाटेपासून अंगाला उटणं लावून, पंचा नेसून, फोन घेऊन बसलेले असतात. ‘अहो, आंघोळ करा. सूर्य उगवला तर नरकात जाल,’ काकू आतून ओरडतात. नरक काकांना परवडतो, सूर्य उगवल्यावर ललत ऐकलेला परवडत नाही. पाचच्या ठोक्याला तो ग्रुपवर येतो. तेव्हा मस्कतला साडेतीन वाजलेले असतात आणि न्यू जर्सीत आदल्या संध्याकाळचे साडेसात. मस्कतचे गृहस्थ दचकून उठतात. न्यू जर्सीचे हौसेने कानाला लावायला जातात, तोच काकांचा पुढचा निरोप: ‘न्यू जर्सीने आत्ता ऐकू नये. जपून ठेवावे. आत्ता यमन ऐकावा, स्वतंत्र पाठवीत आहे.’ पुढे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळं तासभर मागे घेतात. भाऊबीज त्यानंतर आली की बेत कोलमडतो. ‘घड्याळ मागे घेतलं तरी सूर्य जागच्या जागी आहे,’ असं परिपत्रक निघतं आणि न्यू जर्सीचा मारवा तासभर आधी सरकवला जातो. यमन-मारव्याच्या मुहूर्तात अमेरिकन सरकारने हात घालू नये, असं त्यांचं स्पष्ट मत आहे.

एवढा खटाटोप करून त्यांना हवं असतं काय? दाद.

इथेच सगळं अडतं. मैफलीत दाद समेवर येते. गवयी कुठून कुठे भरकटून, नेमका समेवर उतरतो आणि समोरच्या रांगेतून ‘क्या बात है’ निघून जातं. ते कुणी ठरवून म्हणत नाही. फोनवर दादेचं बटण गाण्याच्या आधीच हाताशी असतं. काकांनी बेचाळीस मिनिटांचा मारवा पाठवला की अकराव्या सेकंदाला ‘अप्रतिम’ येतं, तेराव्या सेकंदाला जोडलेले हात, विसाव्याला डोळ्यांत पाणी आलेला पिवळा चेहरा. काका मग थेट फोन लावतात. ‘अरे, तू अप्रतिम कशाला म्हणालास? तेव्हा तंबोरे जुळवत होते!’ पलीकडचा माणूस म्हणतो, ‘पण काय जुळवले होते, काका!’

एकदा तर कडेलोट झाला. पाडव्याच्या गडबडीत त्यांनी ‘ऐकाच! दुर्मिळ. शेवटपर्यंत’ असं लिहून भलताच व्हॉइस मेसेज ग्रुपवर टाकला. तो मुळात कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला जायचा होता. त्यात बीपीच्या गोळ्यांच्या दोन स्ट्रिप, काकूंच्या गुडघ्याचं मलम आणि ‘मागच्या वेळी तुम्ही सुटे पैसे दिले नव्हते’ एवढा मजकूर होता. ग्रुपवर पाच मिनिटांत ‘निःशब्द’, ‘आज दिवाळी सार्थकी लागली’, ‘असा आवाज पुन्हा होणे नाही’. मेडिकलवाल्याला भटियार गेला होता. त्याने तो ऐकला की नाही कोण जाणे, पण उत्तर प्रामाणिक दिलं: ‘स्टॉक नाही. सोमवारी येईल.’

त्यानंतर काकांनी काही दिवस परीक्षा घेऊन पाहिली. गाण्याखाली प्रश्न असायचा: ‘साडेसहाव्या मिनिटाला तबलजी क्षणभर का थांबतो?’ तीन जणांनी ग्रुप सोडला. काकांनी प्रश्न बंद केले. व्हॉट्सअ‍ॅपवर फार फिरलेल्या मजकुराला ‘अनेकदा फॉरवर्ड केलेले’ असा शिक्का आपोआप बसतो. काकांच्या एकाही गाण्यावर तो आजवर बसलेला नाही. आलेलं गाणं आपापल्या फोनमध्ये तसंच पडून राहतं, आणि फोन भरला की सर्वांत आधी तेच उडवलं जातं.

पाडव्याला दरवर्षी केसरबाई केरकर. हा बेत बदलत नाही आणि सोबत त्याची कथाही येते. 1977 साली अमेरिकेच्या नासाने व्हॉयेजर नावाची दोन यानं आकाशात सोडली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी, तिच्यावर पृथ्वीवरचे आवाज आणि निवडक संगीत. बाख आणि बेथोव्हेन यांच्या जोडीला गोव्यातल्या केरीची केसरबाई, साडेतीन मिनिटांची भैरवी. निवड करणाऱ्या मंडळींपुढे ही भैरवी रॉबर्ट ब्राउन नावाच्या अमेरिकन संगीत-अभ्यासकाने ठेवली. ती रेकॉर्ड तेव्हा बाजारात मिळत नव्हती. शोधाशोध करून न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय माणसाच्या दुकानात सापडली. हा ब्राउन काकांचा आदर्श. तोही त्या मंडळींच्या म्होरक्याला, कार्ल सेगनला, ‘ऐकाच!’ म्हणाला असणार, याबद्दल त्यांना शंका नाही. व्हॉयेजर-1 निघालं 5 सप्टेंबरला, बाई गेल्या 16 सप्टेंबरला. 2012मध्ये ते यान सौरवाऱ्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडलं आणि अजून चाललंय.

‘याला म्हणतात पाठवणं!’ काका दरवर्षी म्हणतात.

‘तिकडून काही उत्तर आलं का?’ काकू विचारतात.

‘नाही.’

‘म्हणजे तुमच्या ग्रुपसारखंच.’

काकूंचा यात सगळ्यांत जुना अनुभव. हेडफोन नसताना, कॅसेटही नसताना त्यांनी हे सगळं चकल्या तळत ऐकलेलं आहे आणि कुठली जागा कुठे येते हे त्यांना काकांपेक्षा पक्कं ठाऊक आहे. त्या ग्रुपवर नाहीत. ‘मला कशाला घेता? मी खरंच ऐकते,’ असं एकदा म्हणाल्या.

आता एवढी थट्टा केल्यावर एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. गेल्या दिवाळीत बेंगळुरूच्या मुलीने ग्रुपवर एक मराठी रॅप टाकलं. तिने ते तीन-चार ग्रुपांवर टाकलं होतं, सगळीकडून अंगठे आले होते. आमच्याकडेही आले. काका गप्प. सगळ्यांना वाटलं, आता घराण्यांवर व्याख्यान येणार. रात्री बाराच्या सुमारास निरोप आला: ‘तिसऱ्यांदा ऐकलं. दोन मिनिटं दहा सेकंदांपासून पुढे हा मुलगा श्वास कुठे घेतो ते सापडलं नाही. शब्द समेच्या आधी टाकतो, मुद्दाम का? खाली सतत वाजतंय तो तंबोरा नाही, मग काय आहे?’ मुलीने कळवलं, सिंथ आहे. काकांनी विचारलं, ‘षड्ज कुठला धरलाय?’ एक वाजेपर्यंत दोघांचं हे चाललं होतं. दुसऱ्या दिवशी तिने ललत ऐकला, ऑफिसच्या बसमध्ये, सकाळी साडेनऊला. वेळ पार टळलेली. काकांनी लिहिलं, ‘चालेल. बसला पडदे असतील तर ओढून घे.’

तेव्हा माझा निवाडा असा, की त्या ग्रुपवर पाठवणारे आम्ही सगळेच आहोत, पण दुसऱ्याने पाठवलेलं ऐकणारा हा एकच प्राणी आहे. ग्रुपवरचं भजन तो ऐकतो, जाहिरातीची धून ऐकतो, मस्कतकरांच्या नातीचं बालगीत ऐकून ‘निषाद थोडा चढा, पण धीट’ असं कळवतो.

यंदा तुमच्याही ग्रुपवर अशी पत्रिका येईल. सगळं ऐकायला कुणालाच वेळ नसतो, हे काकांनाही माहीत आहे. पण त्यातलं एक तरी निवडा, आणि ते बेचाळीस मिनिटांचं असेल तर ‘अप्रतिम’ त्रेचाळिसाव्या मिनिटाला लिहा. त्याआधी लिहिलंत, तर फोन येईल.