६४० केबीचं संस्थान

नवा लॅपटॉप घ्यायचा असेल तर चुकूनही काकांना विचारू नका. "बजेट किती?" असा साधा प्रश्न येणारच नाही. आधी चष्मा कपाळावर चढेल, मग एक लांबलचक "हंऽऽ" येईल आणि गोष्ट १९८१ सालापासून सुरू होईल, कारण आयबीएमचा पहिला पीसी त्या साली आला. त्याचा वेग ४.७७ मेगाहर्ट्झ होता, हे गळी उतरवल्याशिवाय कुणाला लॅपटॉप घेऊ देणं काकांच्या तत्त्वात बसत नाही. तासाभराने तुम्ही बाहेर पडता तेव्हा एक्सटी आणि एटी यांतला फरक तुम्हाला तोंडपाठ असतो. लॅपटॉप कुठला घ्यायचा ते शेवटी दुकानातल्या पोरालाच विचारावं लागतं.

असे काका पुण्यात दर सोसायटीला एक असतात. आमचे बँकेतून निवृत्त झालेले. मुलगा परदेशी गेला, त्याची खोली रिकामी झाली आणि आठवड्याच्या आत भरलीही. तीन ठोकळा मॉनिटर, एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, बिस्किटांच्या डब्यांत वर्गवारी करून ठेवलेल्या फ्लॉप्या, आणि कुठल्या मशीनची ते काकांनाच ठाऊक असलेल्या वायरींची एक गोणी. बुधवारी आणि रविवारी काका "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून निघतात ते थेट जुन्या बाजारात. येताना पिशवीत कोथिंबीर असते. कोथिंबिरीखाली साउंड कार्ड असतं.

गंमत अशी, की याच काकांनी ऐन उमेदीत बँकेच्या गेटवर कॉम्प्युटरच्या नावाने मुठी आवळून घोषणा दिलेल्या आहेत. १९८३ साली युनियनचा आणि बँकांचा करार झाला, शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची मशीनं येऊ लागली. ती शिकायला कुणाला पाठवायचं, हा प्रश्न साहेबांनी चाणाक्षपणे सोडवला: गेटवर ज्याचा आवाज सगळ्यांत मोठा, त्याला. काका ट्रेनिंगहून परतले ते धर्मांतर करूनच. पुढे फंडातून कर्ज काढून त्यांनी घरी कॉम्प्युटर आणला, तेव्हा काकूंना त्या पैशात पाटल्या करायच्या होत्या. हा विषय त्या घरात अजून बंद झालेला नाही.

त्या दिवसांत आख्ख्या इमारतीत कॉम्प्युटर तेवढा एकच. बघायला यायचं तर चपला बाहेर. मशीनला धूळ चालत नाही म्हणून त्यावर प्लास्टिकचं कव्हर, कव्हरला धूळ चालत नाही म्हणून त्यावर जुनं धोतर. खंडेनवमीला सीपीयूला झेंडूचं फूल आणि हळदकुंकू. कुंकू फ्लॉपीच्या फटीत सांडू नये म्हणून काकू ते उदबत्तीच्या काडीने लावत. कुणाच्या मुलाचा बायोडेटा, कुणाच्या मुंजीची यादी, सोसायटीचा हिशेब, सगळं काकांच्या दारात. प्रिंटर करकरू लागला की खालचा मजला म्हणायचा, "चला, कुणाचं तरी काम झालं."

समोरच्या बाजूला टर्बोचं बटण आणि त्याच्या वर दोन आकडी लाल दिवे. बटणाची खरी गोम अशी, की ते मशीन पळवायला नव्हतंच. हळू करायला होतं. जुने गेम प्रोसेसरच्या गतीवर चालायचे, नव्या मशीनवर ते सैरावैरा धावत, म्हणून वेसण. आणि तो लाल आकडा? तो काहीच मोजत नव्हता. आत जंपर असत, ते जसे लावाल तसा आकडा दिसायचा. काकांनी एका रविवारी ते जंपर हलवून ३३ चे ६६ करून घेतले. मशीन तेव्हापासून हलकं चालतं, असं त्यांचं आजही ठाम म्हणणं आहे.

व्हायरसबद्दल बोलताना काकांचा आवाज जरा ओलावतो. "आताच्या व्हायरसला काही घरंदाजपणा आहे का?" हा त्यांचा सवाल. १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी ब्रेन नावाचा व्हायरस सोडला, त्यात स्वतःचं नाव, पत्ता, फोन नंबर सगळं लिहिलं होतं. याला म्हणतात सभ्यता. आणि आपला जोशी! १९९० च्या आसपास भारतात निघालेला हा व्हायरस वर्षभर गुपचूप बसायचा आणि ५ जानेवारीला मशीन अडवून म्हणायचा, 'हॅपी बर्थडे जोशी' टाइप करा. केलंत की वाट मोकळी. हा जोशी कोण, यावर काकांकडे तीन नावं आहेत. तिघांनीही त्यांना कधी ना कधी पैशाला फसवलेलं आहे, त्यामुळे तपासात पूर्वग्रह असण्याची शक्यता मी नाकारत नाही.

संग्रहातला सगळ्यांत लाडका म्हणजे एक्सटी. त्याला स्वतःचं घड्याळ नाही. त्यामुळे दर वेळी चालू केला की तो आजची तारीख सांगतो: मंगळवार, १ जानेवारी १९८०, आणि चूक असेल तर दुरुस्त करा म्हणतो. काका नुसतं एन्टर मारतात.

आता एका बरणीचं प्रकरण. जुन्या कॉम्प्युटरचं प्लास्टिक वर्षानुवर्षं पिवळं पडतं. ते पेटू नये म्हणून त्यात ब्रोमीनची संयुगं घालत, त्यांचाही या पिवळेपणात हात असतो म्हणतात. यावर जगभरच्या काकांनी शोधलेला उपाय म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऊन. आमच्या काकांनी त्यासाठी लेडीज पार्लरमध्ये जाऊन केस ब्लीच करायचं द्रावण मागितलं. तिथल्या बाईंनी त्यांच्या टकलाकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता बाटली दिली. मग कीबोर्डची एकशे एक बटणं चमच्याने उचकटून काढली. ऊन आरपार जायला काचेचं भांडं हवं. घरात काचेचं मोठं भांडं म्हणजे काकूंची लोणच्याची बरणी. एप्रिलचं ऊन, गच्चीवर काकूंच्या कुरडया वाळत घातलेल्या, शेजारी बरणीत द्रावणात बुडवलेली एबीसीडी. वरच्या मजल्यावरच्या वहिनी लांबूनच म्हणाल्या, "काय हो, यंदा कैऱ्या फारच बारीक चिरल्यात!" संध्याकाळी काकांनी बटणं धुऊन जुन्या साडीवर पसरली. खरोखरच पांढरीशुभ्र झाली होती. मोजली तर शंभर. एफ सेव्हन गायब. कावळ्यावर आळ आला, वॉचमनवर आला, चौथ्या मजल्यावरच्या पिंट्यावर तर पुराव्यासकट आला. गणपतीत काकूंनी कुरडया तळायला काढल्या, तेव्हा त्यातली एक काही केल्या फुलेना.

नातू सुट्टीत आला की वेगळाच तमाशा. त्याने फोनवर प्रिन्स ऑफ पर्शिया लावून दाखवला. तोच १९८९ चा, तीच साठ मिनिटांची मुदत, तेच खाली पडून सुळ्यांत घुसणं. काकांनी चष्मा वर करून पाहिलं. "आणि फ्लॉपी फिरल्याचा आवाज?" नातू म्हणाला, "आबा, त्याची काय गरज?" काका त्या दिवशी जेवताना बोलले नाहीत. एरवी ते ६४० केबी मेमरी सगळ्यांना पुरेल असं बिल गेट्स म्हणाल्याचं शपथेवर सांगतात. गेट्स यांनी आपण असं बोललोच नाही हे जाहीरपणे सांगितलेलं आहे. "मोठी माणसं नाकबूल जातातच," हे त्यावरचं काकांचं उत्तर.

माझ्या मते काकांना मशीनपेक्षा आपला तेव्हाचा मान जास्त आठवतो. आज सोसायटीत घरटी चार स्क्रीन आहेत आणि एकही बिघडला तरी काकांना हाक जात नाही. पण एका मुद्द्यावर मी त्यांच्या बाजूने साक्ष देईन. आयबीएमने पीसीसोबत जे टेक्निकल मॅन्युअल विकलं, त्यात सर्किटचे नकाशे होते आणि बायोसचा आख्खा प्रोग्रॅम छापलेला होता. घ्या, उघडा, वाचा. आताचा फोन घ्या आणि त्याची नुसती बॅटरी काढून दाखवा.

गेल्या वर्षी मात्र काकांचा मान एका संध्याकाळपुरता परत आला. पार्किंगवरून दोन बिऱ्हाडांत जुंपली. दोघांचंही म्हणणं, की जागा आपल्याला १९९४ च्या सर्वसाधारण सभेत मिळाली. वहीला वाळवी लागलेली. पण त्या सभेचं इतिवृत्त मराठीत कॉम्प्युटरवर काढलेलं होतं, आणि काढलं होतं अर्थातच काकांनी. सी-डॅकचं जिस्ट कार्ड बसवलं की डॉसच्या वर्डस्टारमध्येही देवनागरी उमटायची. ती फाइल आजच्या मशीनवर उघडली तर नुसतं गचपण दिसतं. कार्डवालं मशीन पुण्यात आणखी कुणाकडे असेल ते असो, आमच्या सोसायटीत ते एकाच खोलीत होतं.

कमिटी काकांच्या घरी जमली. चपला बाहेर निघाल्या. काकांनी धोतर काढलं (मॉनिटरवरचं), सव्वापाच इंची फ्लॉपी पाकिटातून ओढली, दोन्ही बाजूंनी फुंकली, आत सरकवून खटका पाडला. ड्राइव्ह घरघरला, थांबला. पडद्यावर तीन पर्याय आले: अबॉर्ट, रिट्राय, फेल. खोलीत कुणी हललं नाही. काकांनी आर दाबला. पुन्हा घरघर. पुन्हा आर. चेअरमन घाम पुसत होते. कितव्यांदा तरी ड्राइव्हने खाकरून घेतलं आणि हिरव्या अक्षरांत इतिवृत्त वर सरकू लागलं. विषय क्रमांक सहा, पार्किंगचे वाटप: 'वेळेअभावी सदर विषय पुढील सभेत घेण्याचे सर्वानुमते ठरले.'

भांडण आहे तिथेच आहे. काकांना मात्र कमिटीने एकमताने 'दप्तरप्रमुख' केलं, आणि काकूंनी बरणीचे पैसे सोसायटीच्या खात्यातून मागितले.

तर वाचकहो, तुमच्या माळ्यावर एखादा ३८६ किंवा ४८६ पडला असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एवढं करा. तो उघडा, मदरबोर्डवर डाख देऊन बसवलेली असेल तर ती पिंपासारखी निळी बॅटरी कापून टाका. ती गळते आणि बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा खाते. मग मशीन आमच्या काकांकडे पोचतं करा. फक्त आधी फोन करा. काकू भजनाला कधी जातात, ते काका सांगतील.