एका गुटक्यासाठी नाभा

यंत्रयुगाचा महिमा गाणाऱ्या विद्वानांपैकी कोणी जुने हार्वेस्टर पाळले असेल, असे मला वाटत नाही. ‘पाळले’ हे क्रियापद मी बुद्ध्याच योजतो आहे; कारण परभणी जिल्ह्यातील आमच्या मामांच्या गोठ्यात बैलांनी रिकाम्या केलेल्या जागी जे धूड उभे आहे, ते बैलांपेक्षा अधिक खाते आणि आजारीही अधिक पडते. गहू-सोयाबीन कापण्यासाठी पंजाबातून जी यंत्रे दर हंगामात इकडे उतरतात, त्यांपैकीच हे एक. ते परत नेण्याचा खर्च मालकास जड झाला आणि मामांना स्वस्त वस्तूचा मोह झाला, या दोन कारणांच्या संयोगाने ते आमच्या घराण्यात वतनासारखे कायम झाले.

वस्तुतः त्याच्या बहुतेक व्याधींवर जिल्ह्याच्या गावी उपाय मिळतो. इंजिन लेलँडचे, म्हणजे ट्रकवाल्यांच्या ओळखीचे. बेअरिंगचा कारभारही चोख : ६२०५ या क्रमांकातील शेवटच्या दोन अंकांना ५ ने गुणले की २५ मिलिमीटर हा आतला व्यास हाती येतो. कटरबारची पाती ३ इंची. १४ फुटांच्या बारला ती ५६ लागतात, आणि ती वाण्याकडे खिळे मिळावेत तितक्या सहजतेने मिळतात. परंतु मळणीच्या ड्रममधून निघालेले काड ज्या दातेरी पाट्यांवर झुलत मागे सरकते आणि अडकलेला दाणा खाली टाकते, त्या स्ट्रॉवॉकरचा क्रँक, इतक्या लोखंडाच्या पसाऱ्यात, चक्क लाकडी गुटक्यांत फिरतो! कठीण लाकूड तेलात मुरवून केलेले हे दुभागी गुटके स्वतःच स्वतःला वंगण पुरवितात. हे रहस्य गावच्या सुतारास अवगत नसल्यामुळे त्याने घडविलेला बाभळीचा गुटका अर्ध्या एकरात किंचाळू लागला आणि पुढच्या अर्ध्यात धुमसला. वाळलेल्या काडाशेजारी धूर निघणे ही शेतकऱ्याच्या काळजाचे पाणी करणारी बाब असल्याने मामांनी यंत्र बंद केले आणि ‘आता मूळपीठच गाठायचे,’ असे फर्मान काढले. माझी रवानगी दुभाषी म्हणून झाली.

सचखंड एक्सप्रेस ही नांदेडहून अमृतसरला जाणारी गाडी यात्रेकरूंची. तीत वाटेतल्या स्थानकांवर शीख मंडळी उतारूंना आग्रहाने लंगरचे जेवण वाढतात. मूळचा मालकाचा जुना गुटका तेवढा मामांनी पांढऱ्या पंचात बांधून मांडीवर ठेवला होता. तो काळवंडलेला, अर्धवट जळालेला ऐवज पाहून समोरच्या वृद्ध सरदारणीने हात जोडले आणि ‘किसके हैं?’ असे अत्यंत हळुवारपणे विचारले. मामांनी ‘मशीनका है’ असे सरळ उत्तर दिले. त्यावर बाईंनी मृताचे नाव काहीसे विचित्र असल्याचे मनातल्या मनात मान्य केले असावे, कारण पुढील स्थानकावर मामांना दुप्पट वरण मिळाले.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी अंबाल्यास उतरून पटियाळामार्गे आम्ही नाभ्यास पोहोचलो. १९२३ साली जैतोच्या मोर्च्याच्या प्रसंगी पकडलेल्या जवाहरलाल नेहरूंना ज्या संस्थानाने आपल्या तुरुंगात डांबले, त्याची ही राजधानी. पण इतिहासाच्या या पानाकडे मामांनी ढुंकूनही पाहिले नाही. देशी बनावटीचे, स्वतःच्या इंजिनावर चालणारे पहिले कंबाइन, स्वराज ८१००, पंजाब ट्रॅक्टर्सने १९८० साली काढले खरे; तथापि या धंद्याची पेठ म्हणावी ती नाभा आणि शेजारच्या भादसोंची. लाल, निळी, हिरवी धुडे रस्त्याकडेला चाके उतरवून बसलेली, आणि प्रत्येक कारखान्याचे माप निराळे. ज्या कारखान्याने मामांचे यंत्र घडविले, तो केव्हाच बंद पडला असल्याने आम्ही एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या पुढ्यात जाऊन बसलो.

मिस्त्रीने पंचा सोडला, गुटक्याच्या भोकात तर्जनी घालून फिरविली, व्हर्नियर लावून बाजूला ठेवला आणि म्हणाला, ‘बाऊजी, ये छेद तो झूठ बोल रहा है. शाफ्ट से पूछो.’ भोक झिजून अंडाकृती झाले होते, शाफ्ट परभणीस. मामींना फोन लावला. त्यांनी शिवणाची टेप दांड्याभोवती गुंडाळून उत्तर दिले, ‘अकरा सेंटिमीटर. आणि यंत्राखाली मांजर व्यायली आहे. आल्यावर तिला हुसकायचं नाही, सांगून ठेवते.’ मिस्त्रीने ११० ला ७ ने गुणून २२ ने भागले, ‘पैंतीस’ म्हटले, तेलाच्या डब्यातून ठिबकता गुटका काढला आणि लेथवर भोक बसते करून दिले. एकच नवा बसविला तर जुन्या झिजलेल्यांच्या ओळीत तो ताठ राहील आणि पहिल्यांदा तोच जळेल, असे त्याने बजावल्यामुळे एका गुटक्यासाठी निघालेले मामा पोतेभर गुटके घेऊन उठले. किमतीत घासाघीस करण्याचा त्यांचा प्रयत्न पंजाबी चहाच्या पेल्यात विरघळला.

ज्यांच्या दारी असे धूड असेल त्यांनी नाभ्यास जरूर जावे. जाताना जुना गुटका न्यावा, पण माप शाफ्टचे न्यावे, आणि बैसाखीपूर्वी परत फिरावे. एप्रिलच्या मध्यास पंजाबचा गहू कापणीला आला की तिथला मिस्त्री दुकानात नसतो. तो कुणाच्या तरी शेतात, यंत्राखाली, पाय बाहेर काढून पडलेला असतो.