ड्रायव्हर पाहिजे

१९९६च्या पावसाळ्यात आमच्या गिरगावातल्या चाळीत बातमी पसरली, की मला ड्रायव्हर मिळत नाहीये.

बातमीचं उगमस्थान शेजारच्या काकूंचा दिवाण. त्याच्या उशाशी विणलेल्या रुमालाखाली फोन असे, आणि मजल्यावरच्या झाडून सगळ्यांनी आपल्या पत्त्याखाली तोच नंबर पुढे 'पीपी' लावून लिहिलेला असे. त्या रात्री मी तिथून आमच्या दादरच्या स्टुडिओच्या शेठना सांगत होतो, "ड्रायव्हर नीट बसत नाहीये. म्हणजे बसतो, पण काही हलवत नाही. नुसता बसून राहतो. उद्या लॅमिंग्टन रोडला जाऊन बघतो." काकू समोर लसूण सोलत होत्या. लसूण सोलताना माणसाचे कान मोकळे असतात.

सकाळी सातला दारात काकूंचा भाचा. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, खिशात अवजड वाहनाचं लायसन्स. "नाइट असली तरी चालेल," तो म्हणाला. आई पदराला हात पुसत बाहेर आली, त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "गाडी कधी घेतलीस?"

गाडी नव्हती. टेप रेकॉर्डर होता, आणि तोही भाड्याचा. गाणी ऐकायचा नव्हे, चित्रांचा. सोनीने १९८६मध्ये काढलेल्या बीटाकॅम एसपी जातीचा, एकट्याने उचलला तर कंबर धरावी असा. टीव्हीवर काहीही दाखवायचं तर ते त्याच्या कॅसेटवर नेऊन द्यावं लागे. आणि मला दाखवायची होती एका सराफाची दहा सेकंदांची जाहिरात, गणपतीच्या आत. अंधारातून सोन्याची अक्षरं गिरक्या घेत येतात, चकाकतात आणि दुकानाचं नाव होऊन उभी राहतात. त्या काळी कॉम्प्युटर अॅनिमेशन म्हणजे सोन्याची अक्षरं गिरक्या घेत येणं. जाहिरात बिस्किटांची असो की पंख्याची, अक्षरं सोन्याचीच. सराफाच्या बाबतीत निदान ते शोभणार तरी होतं.

अक्षरं मी थ्रीडी स्टुडिओमध्ये केली होती. ऑटोडेस्कचं हे डॉसवर चालणारं सॉफ्टवेअर १९९०चं. त्याने आमच्यासारख्या ब्रश धुऊन पोट भरणाऱ्यांच्या हाती तिसरी मिती दिली. अडचण अशी, की कॉम्प्युटरला चित्रं काढता येत होती, दाखवता येत नव्हती. टीव्हीला सेकंदाला २५ चित्रं लागतात. एक चित्र म्हणजे ७२० गुणिले ५७६ ठिपके, ठिपक्याला तीन बाइट. झाले साडेबारा लाखांच्या आसपास. एका फ्लॉपीवर एक चित्र मावे, दुसरं नाही. असा ऐवज सेकंदाला २५ वेळा उपसून पडद्यावर फेकणं आमच्या फोर-एटी-सिक्सच्या बापाच्याने झालं नसतं. एक चित्र काढायलाच तो पाच मिनिटं घेई. २५० चित्रं त्याने एकवीस तासांत काढली, तेही मधे कुणी पंख्याचं बटण समजून त्याचं बटण दाबलं नाही म्हणून.

तेव्हा मार्ग एकच. कॉम्प्युटरने एक चित्र समोर धरायचं, टेप रेकॉर्डरने तेवढं एकच टेपवर उमटवायचं, थांबायचं. मग दुसरं. असं २५० वेळा. हे दोघांना आळीपाळीने सांगत बसणारा जो चिमुकला प्रोग्रॅम, तो ड्रायव्हर. काकूंच्या भाच्याला मी हे समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे क्लीनरचं काम आहे."

टेप रेकॉर्डरचा स्वभावही सांगायला हवा. त्याला उभ्या उभ्या एक चित्र उमटवता येत नाही. टेप ठरल्या वेगाने धावत असली तरच तो लिहू शकतो. म्हणून तो आधी पाच सेकंद मागे जातो, तिथून धावत येतो, वेग पकडतो, नेमक्या जागी सेकंदाचा पंचविसावा भाग लिहितो आणि पुढे जाऊन धापा टाकत उभा राहतो. याला प्री-रोल म्हणतात. आमच्या वर्गात एक मुलगा होता. सतरा नव्वे किती, असं विचारलं की तो डोळे मिटून सतरा एके सतरापासून सुरुवात करी आणि धावत एकशे त्रेपन्नवर येऊन थांबे. लगेच सतरा दाहे विचारलं तरी पुन्हा सतरा एके. मास्तर त्याला ठोंब्या म्हणत. बीटाकॅमचा भाव कळल्यावर मला त्या मुलाबद्दल आदर वाटू लागला.

हिशेबाने एका चित्राला वीस सेकंद, म्हणजे सगळं काम दीड तासाच्या आत. शेठनी म्हणून तो टेप रेकॉर्डर, म्हणजे डेक, एका शिफ्टपुरताच भाड्याने आणला. भाड्याच्या वस्तूबरोबर माणूस येतो, तसे डेकबरोबर एक दादा आले. त्यांनी डेक टेबलावर ठेवला, टेप लावून आधी ती काळी करायला घेतली (कोऱ्या टेपवर टाइमकोडचे, म्हणजे कुठलं चित्र कुठे ते सांगणारे, आकडे नसतात, ते असे आधी भरावे लागतात, अर्ध्या तासाच्या टेपला अर्धा तास), खुर्ची कोपऱ्यात ओढली आणि पेपर उघडला. ते तिथे चार दिवस बसतील, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

पहिला दिवस वायरीत गेला. कॉम्प्युटरच्या पाठीमागे नऊ पिनांचं भोक, डेकच्या पाठीमागेही नऊ पिनांचं भोक. कुणालाही वाटेल, की एक वायर जोडली की झालं. पण कॉम्प्युटर बोलतो आरएस-२३२, डेकला कळते आरएस-४२२. पहिला एका तारेवर बोलतो, दुसऱ्याला त्याच गोष्टीसाठी दोन तारा लागतात. मधे दुभाष्या बसवावा लागतो, तो लॅमिंग्टन रोडला मिळाला. दुकानदाराने तो काचेवर ठेवला, "चलेगा" म्हणाला आणि वर "वापस नहीं होगा" हेही म्हणाला.

दुभाष्या बसवला तरी डेक ढिम्म. पुस्तिकेच्या झेरॉक्समध्ये लिहिलं होतं, की बोलणं सेकंदाला ३८,४०० बिटांनी व्हावं आणि 'ऑड पॅरिटी' असावी. ३८,४०० मी केलं. दुसरा शब्द मी न वाचता पुढे गेलो, जसे आपण सगळेच जातो. रात्री घरी आलो तर बाबा एका बारशाचं पाकीट तयार करत होते. पन्नासची नोट आत घातली, मग चष्मा वर करून खणात रुपयाचं नाणं शोधायला लागले. "सम आकडा द्यायचा नसतो," ते म्हणाले. मी तसाच उभा. ऑड पॅरिटी म्हणजे हेच! कॉम्प्युटर प्रत्येक अक्षरातले एक मोजतो आणि ते सम भरले तर वर एक रुपया ठेवतो. डेक पाकीट उघडून मोजतो. सम निघालं तर आहेर परत. मी दिवसभर त्याला एक्कावन्नाच्या जागी पन्नास देत होतो. बाबांना मी मिठीच मारायचा, पण नाणं सापडेना म्हणून ते चिडलेले होते.

दुसऱ्या दिवशी डेक बोलायला लागला. मी विचारे, आहेस का? तो म्हणे, आहे. टेप आहे का? आहे. मग चालव. त्यावर काही नाही. विचारलेल्याची उत्तरं देणार, सांगितलेलं करणार नाही. मी सरकारी कचेरीचं दार ठोठावतोय की काय असं वाटू लागलं. मी ड्रायव्हर काढला, पुन्हा घातला. कॉन्फिगच्या फाइलमधल्या ओळी खालीवर केल्या. ६४० किलोबाइटांच्या मेमरीत जागा करायची म्हणून माउसचा ड्रायव्हर हाकलला, मग माउसशिवाय काम होईना म्हणून त्याला परत बोलावला. (काकूंच्या दिवाणावरचं ते संभाषण याच रात्रीचं.) तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला मी कपाळाला हात लावून बसलो, तेव्हा कोपऱ्यातला पेपर खाली आला.

"रिमोटला टाकू का?" दादांनी विचारलं.

डेकच्या तोंडावर एक छोटं बटण असतं. एका बाजूला 'लोकल', दुसऱ्या बाजूला 'रिमोट'. लोकलला असेल तर डेक फक्त समोरच्या माणसाच्या बोटांचं ऐकतो, वायरीतून कुणी कितीही ओरडो.

"दादा, मग काल का नाही बोललात?"

"तुम्ही विचारलं नाहीत. मी लोकललाच ठेवतो. उगीच कोणी लांबून हात लावू नये."

त्यांनी एका बोटाने बटण सरकवलं आणि डेक चालू लागला. पाच सेकंद मागे, धावत पुढे, खट्. एक चित्र. पाच सेकंद मागे, धावत पुढे, खट्. दुसरं चित्र. शेठ केबिनमधून बाहेर आले, ऑफिसबॉय चहा तसाच हातात धरून उभा राहिला. आम्ही सगळे पंचविसाव्या चित्रापर्यंत मोजत होतो. सव्विसाव्याला डेक मागे गेला, पुढे आला, पुढे गेला, मागे आला, आणि किल्ली हरवलेल्या माणसासारखा तिथल्या तिथे फिरत राहिला.

ड्रायव्हर अमेरिकेसाठी लिहिलेला होता. तिकडे टीव्हीला सेकंदाला ३० चित्रं, आपल्याकडे २५. आपल्या टेपवर सेकंदातल्या चित्रांचे आकडे शून्य ते चोवीस. ड्रायव्हर पंचवीस नंबरचं घर शोधायला सांगत होता आणि आमच्या गल्लीत ते बांधलेलंच नव्हतं. खरं तर अमेरिकेचे ३० सुद्धा पुरते ३० नाहीत, २९.९७ आहेत. तो फरक घड्याळाशी जुळवायला ते दर मिनिटाला चित्रांचे दोन आकडे गाळतात, दर दहाव्या मिनिटाला मात्र गाळत नाहीत. चित्र एकही गळत नाही, नुसता आकडा गळतो. हे पुस्तिकेत दोन पानं लिहिलं होतं आणि मला ओ की ठो कळलं नव्हतं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "क्षयतिथी." तिथी गळते, म्हणून काय त्या दिवशी कुणी जेवायचं राहतं? मी पुस्तिकेची ती दोन पानं फाडून टाकली.

३० खोडून २५ केले. रात्री दहापर्यंत साठ चित्रं झाली. उरलेली सकाळी, असं ठरवून घरी गेलो आणि बऱ्याच दिवसांनी झोपलो. सकाळी येऊन बघतो तर डेकवर 'ह्युमिड' असा दिवा पेटलेला. एसी फक्त त्याच खोलीला होता. रात्रभर रिकाम्या खोलीत वीज कशाला जाळायची, म्हणून शेठनी तो जाताना बंद केला आणि हवा खेळावी म्हणून खिडकी उघडी ठेवली. दादरची पावसाळी हवा खेळली ती थेट थंडगार डेकच्या पोटात. आतल्या ड्रमवर दव जमलं की टेप चिकटून फाटू नये म्हणून डेक स्वतःच काम बंद करतो. या संपूर्ण प्रकरणात अक्कल वापरलेला तो एकटाच. "घाम आलाय त्याला," दादा म्हणाले, आणि कालच्या पेपरने त्याला वारा घालत बसले.

डेक वाळेपर्यंत मी पुन्हा लॅमिंग्टन रोडला गेलो, सुटी वायर आणायला. परत येऊन सुरू केलं तर ड्रायव्हरला डेकचं एक उत्तर ऐकू येई, दोन येत नसत. काल रात्री चाललेलं आज चालेना, आणि मी तर कशाला हात लावला नव्हता. दुपारी चारच्या सुमारास शेठ हसत हसत म्हणाले, "सरप्राइज बघितलंस का?"

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ला इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं होतं. वर्षभर विचार करून शेठनी कनेक्शन घेतलं होतं आणि मी बाहेर असताना माझ्या कॉम्प्युटरमध्ये मोडेमचं कार्ड बसवून घेतलं होतं. ते बसलं होतं कॉम-फोरवर. डेक होता कॉम-टूवर. हे दोघे कॉम्प्युटरला हाक मारायला एकच घंटा वापरतात, तीन नंबरची. एका वेळी दोघांनी दोरी धरली की कुणाचीच वाजत नाही. मी कार्ड काढायला निघालो तर शेठ आडवे आले. त्यांनी व्हिजिटिंग कार्डावर ई-मेल छापून घेतला होता. शेवटी मोडेमला पाच नंबरची घंटा द्यायचं ठरलं. त्यासाठी कार्डावरचा तांदळाएवढा जंपर एका जागेवरून उपटून दुसऱ्या जागी खोचायचा. तो माझ्या चिमट्यातून उडाला. जाहिरात क्षेत्रातले चार पुरुष अर्धा तास जमिनीवर रांगत होते. सापडला तो ऑफिसबॉयला, केरसुणीत.

चौथ्या रात्री अडीच वाजता २५०वं चित्र उमटलं. प्रत्येक नव्या चित्रासाठी डेक पाच सेकंद मागे जाई, म्हणजे टेपवरच्या पहिल्या १२५ चित्रांपैकी प्रत्येकावरून तो पुढच्या १२५ चित्रांच्या वेळी धावून गेला. जपमाळेचे मणी १०८च असतात. दादांनी पेपराची घडी घातली, टेप मागे नेली, आणि आम्ही दहा सेकंद बघितलं. सोन्याची अक्षरं गिरक्या घेत आली, चकाकली, उभी राहिली.

सराफांनी दुसऱ्या दिवशी ते दोनदा बघितलं. मग म्हणाले, "हे पितळ आहे."

माणूस धंद्यातला, त्याच्यापुढे काय बोलणार? पिवळ्यात थोडा तांबूस घातला, पुन्हा २५० चित्रं काढली. या खेपेला ड्रायव्हर बसलेला होता, त्यामुळे रेकॉर्डिंग एका दुपारीत आटोपलं, आणि त्याची गोष्ट सांगण्यासारखी नाही. पुढे दोन-तीन वर्षांत मोठ्या हार्ड डिस्कवरून अख्खी चित्रफीत सरळ चालायला लागली आणि मागे जाऊन धावत येणारं ते प्रकरण आमच्या स्टुडिओतून हद्दपार झालं. काकूंचा भाचा मात्र आजही दिसला की विचारतो, "मिळाला का?"

पितळेची टेप माझ्याकडे आहे. पितळेचीच, कारण सोन्याची सराफांनी नेली. कपाटात चादरींच्या खाली असते. गेल्या दिवाळीत नातीला दाखवावी म्हणून काढली, तर मुंबईत चालू डेक मला सापडला नाही. वाचकांपैकी कुणाकडे बीटाकॅम एसपीचा चालू डेक असेल तर जरूर कळवा. दहा सेकंदांचंच काम आहे. प्री-रोल धरून पंधरा. लोकल-रिमोटचं बटण मी बघून घेईन. ड्रायव्हर लागणार नाही.