भागिले भाऊ

खामगावात मोजमापाचं कुणाला अप्रूप नाही. कापूस काट्यावर चढतो, चांदी तराजूत उतरते, आणि दोन्हीकडे घट किती धरायची यावरून बोलाचाली होतात. अशा गावात एखाद्याने शेजाऱ्यांची वीज मोजायला घेतली तर त्यात वावगं काही नाही. तरी भाऊ फाटकात दिसले की बायका फ्रिजवरचं लाइट बिल उचलून चहाच्या डब्याखाली सारतात.

भाऊ एकच आहेत असं समजू नका. मलकापूरच्या कॉलनीत आहेत, शेगावात आहेत, नांदुऱ्यातही असणारच. बहुधा हिशेबाच्या टेबलावरून निवृत्त झालेले असतात. टेबल सुटलं तरी तपासणीचा अधिकार त्यांनी कुणाला सुपूर्द केलेला नसतो. आमच्या भाऊंना गल्ली ‘भागिले भाऊ’ म्हणते. का, ते पुढे येईलच.

त्यांचा प्रश्न ठरलेला.

“या मयन्यात किती आले?”

“काय किती?”

“युनिट हो!”

“मले काय मालूम भाऊ, पोरगा भरते मोबाइलवर. नऊशे का काय आले म्हने.”

“रुपये नोका सांगू. रुपये सरकारचे, युनिट आपले.”

इथे मी भाऊंच्या बाजूने आहे. बिलात वीज आकाराच्या शेजारी स्थिर आकार बसतो, वहन आकार बसतो, इंधन समायोजन येऊन-जाऊन असतं, आणि वर १६ टक्के विद्युत शुल्क. शिवाय शंभराच्या पुढचं युनिट महाग, तीनशेच्या पुढचं आणखी महाग. दोन घरांचे रुपये शेजारी मांडले तर तुलना घरांची होत नाही, दरपत्रकाची होते. हे एवढं कळलेला माणूस गल्लीत असावा. फक्त तो रोज यावा का, यावर मतभेद आहेत.

भाऊंची सामग्री म्हणजे एक खतावणीची लांब वही, लोखंडी टेप आणि बंडीच्या खिशात कॅल्क्युलेटर. वहीत घरामागे एक पान. जेवणं आटोपली की ते एखाद्या घरी जाऊन सगळी बटणं बंद करायला लावतात आणि मीटरपाशी उभे राहतात. मीटरवर एक लाल दिवा असतो. ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट, असं कित्येक मीटरवर लिहिलेलंच असतं. घरात मिट्ट काळोख आणि तरी दिवा लुकलुकतोय असं दिसलं, की भाऊ खुलतात. मग शोध सुरू. टीव्हीचा सेटटॉप बॉक्स, पोराचा वायफायचा डबा, माडीवर विसरलेला चार्जर, आणि शेवटी देवघरातला शून्याचा बल्ब. त्याला शून्याचा म्हणणाऱ्यावर भाऊंचा कायमचा राग आहे. जुना शून्याचा बल्ब चांगला पंधरा वॉटचा असतो. अखंड ठेवला तर तीन दिवसांत युनिट खातो. “देवाले उजेड पायजे का?” असं ते विचारतात तेव्हा घरातली म्हातारी माणसं त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहतात, तिला वॉटमध्ये मोजायची सोय नाही.

एवढ्यावर ते थांबले असते तर कुणाची तक्रार नव्हती. पण भाऊंनी एकदा गल्लीची यादी लावली. कमी युनिटवाला वर, जास्तवाला खाली. भाऊंच्या घरी सात माणसं, महिन्याला सरासरी १४० युनिटं. आपला नंबर पहिला येणार याविषयी त्यांना शंका नव्हती. पहिल्या आल्या टोकाच्या घरातल्या आजी. युनिटं बावीस.

“बापा, मी एक बलब लावतो अन् नऊ वाजता निजतो,” आजी म्हणाल्या. त्यांना कसली स्पर्धा होती हेच ठाऊक नव्हतं, आणि जिंकणाऱ्याची ही तऱ्हा भाऊंना जास्त झोंबली.

भाऊ म्हणाले, हे बरोबर नाही. लहान घर, मोठं घर, एका मापाने कसं मोजायचं? क्षेत्रफळाने भागलं पाहिजे. टेप निघाली. भाऊंचं घर आतून ९०० चौरस फूट, म्हणजे ८४ चौरस मीटर. वर्षाची युनिटं १६८०. भागिले ८४. उत्तर २०. आजींचं घर ३७ चौरस मीटर, वर्षाची युनिटं २६४. उत्तर सात.

टेप पुन्हा निघाली. या खेपेला भाऊंनी ओटा धरला. मग जिना धरला. मग गच्ची धरली, कारण तिथे संध्याकाळी ते स्वतः बसतात. घर १७५० चौरस फुटांचं झालं, आकडा दहावर आला, आणि आजी तरीही पुढे.

मग भाऊंनी चौरस फूट सोडले आणि डोकी धरली. १४० भागिले सात, माणशी वीस. आजी एकट्या, माणशी बावीस. यादी नव्याने लिहिली गेली आणि सर्वात वर भाऊंचं नाव आलं. आनंद जूनपर्यंत टिकला. कॉलेजसाठी आजींकडे भाच्याचा मुलगा राहायला आला. आजींचं बिल तीस युनिटांवर गेलं आणि माणशी पंधरावर आलं. त्याच महिन्यात भाऊंचा मुलगा बायको-पोरांसह बदलीच्या गावी गेला. भाऊ पुन्हा चौरस फुटांकडे वळले. ‘भागिले भाऊ’ हे नाव तेव्हाचं.

गंमत अशी की यातली एकही युक्ती भाऊंच्या डोक्यातून निघालेली नाही. दिल्लीत केंद्र सरकारचं ऊर्जा दक्षता ब्युरो आहे. २००१ साली ऊर्जा संवर्धन कायदा झाला आणि १ मार्च २००२ ला हे ब्युरो सुरू झालं. फ्रिज-एसीवर जे तारे दिसतात ते यांचेच. २००९ मध्ये त्यांनी कचेऱ्यांच्या इमारतींनाही तारे द्यायला घेतलं, आणि रीत हीच: वर्षाची युनिटं भागिले चौरस मीटर. संमिश्र हवामानाच्या प्रदेशात, निम्म्याहून जास्त भागात एसी असलेल्या कचेरीला पाच तारे हवे असतील तर उत्तर ९० च्या आत यायला हवं होतं. रात्रंदिवस चालणाऱ्या कॉल सेंटरला हे माप अन्यायाचं, म्हणून त्यांच्यासाठी ताशी हिशेब वेगळा. तळघरात एसी नसेल तर ते क्षेत्रफळात धरायचं नाही, असंही नियम सांगतात. म्हणजे कशाने भागायचं यावर दिल्लीतही खल झालेलाच आहे. तिथे त्याला समिती म्हणतात, आमच्या गल्लीत त्याला भाऊ म्हणतात.

९० चा आकडा वाचून आणि आपला २० चा आठवून भाऊंनी स्वतःला साताठ तारे देऊन टाकले. ती योजना १०० किलोवॅट आणि त्याहून जास्त जोडभाराच्या इमारतींची होती, भाऊंचा मंजूर भार दोन किलोवॅट, आणि घरात एसी नाही. पण हे त्यांना सांगणार कोण? त्यांच्या घरात तळघर नव्हतं, म्हणून नियमाला मान देऊन त्यांनी ते वगळलं. गच्ची मात्र राहिली.

आजींच्या घराचं कोडं त्यांना सुटत नव्हतं. भर मेमध्ये, बाहेर पारा पंचेचाळिसाकडे सरकलेला असताना, आजी दुपारी पंख्याशिवाय झोपतात. भाऊंनी तपासणी केली. मातीच्या हातभर जाड भिंती, वर धाबं, खिडक्या लहान. दुपारचं ऊन ती भिंत ओलांडून आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. भाऊंच्या सिमेंटच्या स्लॅबचं तसं नाही; तो दिवसभर ऊन पितो आणि रात्री माणसांवर ओततो. तेव्हापासून भाऊ ज्या घरी जातील तिथल्या पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावून पाहतात. २०१८ साली ब्युरोने घरांसाठी ‘इको निवास संहिता’ काढली. भिंती-खिडक्यांतून घरात येणारी उष्णता चौरस मीटरला १५ वॉटच्या वर जाऊ नये, असं ती म्हणते. भाऊंचा तळहात वॉट सांगत नाही, पण “नापास” म्हणतो. १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मोत्सवाला अख्खा महाराष्ट्र सिंदखेड राजाला लोटतो, त्यात भाऊही होते. ते मेमध्ये पुन्हा गेले, तिथल्या लखुजीराजांच्या वाड्याची भिंत उन्हाळ्यात कशी लागते ते बघायला. परत येऊन त्यांनी गच्चीला चुना मारला. त्या वर्षी कूलर संध्याकाळी तासभर उशिरा लागू लागला. हे एक काम मात्र वादातीत आहे, आणि गल्लीतल्या पुष्कळ गच्च्या आता पांढऱ्या दिसतात.

सगळ्यात मोठी लढाई व्याह्यांशी. भाऊंची मुलगी बुलढाण्याला दिली आहे. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात घाटावरचे आणि घाटाखालचे असे दोन प्रांत आहेत. बोथ्याचा घाट चढला की हवा बदलते. बुलढाणा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर, खामगाव साधारण निम्म्यावर. इंग्रजांनी जिल्ह्याचं ठाणं तिथे उगीच नेलं नाही. दर महिन्याला बिल आलं की फोन होतो.

“भाऊसाहेब, मे महिन्याची आमची नव्वद युनिटं. तुमची?”

“व्याहीबुवा, तुमच्याकडं कूलर लागते का?”

“कशाला लागतोय? पहाटे चादर ओढावी लागते.”

भाऊंचा कूलर दोनशे वॉटचा. रात्रभर चालला की दोन युनिटं गेली. यावर भाऊंनी ‘घाट-वजावट’ शोधून काढली. दोन्ही गावांचं रोजचं तापमान वर्तमानपत्रातून उतरवायचं, ठरावीक अंशाच्या वर जेवढं जाईल त्याची महिनाभराची बेरीज करायची आणि तेवढी सूट खालच्या माणसाला द्यायची. परदेशात इमारतींची तुलना करणारे हेच करतात, त्याला ते ‘डिग्री-डे’ म्हणतात. भाऊ तिथपर्यंत केवळ व्याह्यांना हरवायचं म्हणून पोचले. व्याहीही कच्चे नव्हते. डिसेंबरात त्यांनी उलट वजावट मागितली. घाटावर थंडी, दोन किलोवॅटचा गीझर, अर्ध्या तासात एक युनिट. भाऊंनी ती नामंजूर केली. अंघोळ थंड पाण्यानेही होते, असं त्यांचं म्हणणं.

त्यावर विहीणबाईंनी मागून विचारलं, “आणि भाऊसाहेबांकडं पाणी कशावर तापतं?”

गॅसवर. भाऊंनी गीझर काढून गॅसचा बसवला होता. युनिटं घसरली, सिलिंडर मात्र आधीपेक्षा लवकर संपू लागलं. वहीत सिलिंडरचा रकाना नाही. आजींची चूल आणि तिची लाकडंही त्या वहीत कुठे नाहीत. घराची ऊर्जा म्हणजे नुसती वीज नव्हे, हे विहीणबाईंनी एका प्रश्नात सांगितलं. भाऊ आठवडाभर फोनवर आले नाहीत.

अलीकडे त्यांना नवाच घोर लागला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना आली. तीन किलोवॅटच्या पॅनेलला ७८ हजारांचं अनुदान मिळतं म्हटल्यावर समोरच्यांनी गच्चीवर पॅनेल चढवले. बिल जवळपास शून्यावर आलं, आणि यादीत त्यांचं नाव सगळ्यांच्या वर. त्यानंतर त्यांनी एसी घेतला. आता तो दार उघडं ठेवून चालतो, कारण “फुकटच हाय ना भाऊ.” भाऊ रस्त्यावर उभे राहून ती गार हवा अंगावर घेतात आणि चिडतात. “बिल शून्य हाय, वापर शून्य नाई,” असं ते प्रत्येकाला थांबवून सांगतात. त्यांचं बरोबर आहे. तुम्ही किती वीज पिकवली आणि किती खाल्ली ही दोन वेगळी खाती आहेत. पण शून्याशी वाद घालायचा कसा? शून्याला कशानेही भागा, शून्यच येतं. भागाकारावर आयुष्य काढलेल्या माणसाला याहून मोठा जाच नाही.

१४ डिसेंबरला राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन असतो. त्या दिवशी शाळेत भाषण करायला भाऊंनाच बोलावतात. ते पोरांना सांगतात, साधा पंखा पंचाहत्तर वॉटचा, नवा बीएलडीसी तीसच्या आसपासचा, घरी जाऊन आपला कोणता ते पाहा. पोरं घरी जाऊन खरंच पाहतात आणि बापाला विचारतात. त्या संध्याकाळी भाऊंवर गल्लीचा रोष सर्वांत जास्त असतो.

माझं मत विचाराल तर हा माणूस त्रासदायक आहे आणि उपयोगी आहे, आणि दोन्ही एकाच कारणाने. यादीत कोण पहिला हे आजवर ठरलेलं नाही, ठरणारही नाही. पण आमच्या गल्लीत आपण किती युनिटं जाळतो हे न सांगता येणारा माणूस आता शोधावा लागतो.

तेव्हा तुमच्याकडे असे भाऊ आले तर बिल लपवू नका. एका महिन्याचं देऊ नका, बारा महिन्यांची द्या. घाटाखाली मेमध्ये सगळेच नापास असतात. सिलिंडरचा रकाना पाडायला लावा. आणि टेप मात्र तुम्ही धरा.